हातातला ट्रान्समीटर आणि आकाशातले विमान

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)





शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून कोणी खेळातल्या विमानाविषयी बोलू लागला, तर पालकांच्या मनात शंका येणे साहजिक आहे. दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे, फी भरायची आहे, घरात अभ्यासाला जागा अपुरी आहे. अशा वेळी हे उडते विमान कशाला? ही शंका रास्त आहे. तिला उत्तर देता यावे म्हणूनच मी हा विषय निवडला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. रेडिओवर चालणारे छोटे विमान मुलाला नुसते विकत आणून दिले, तर पैसा वाया जातो आणि कधी कधी इजाही होते. मुलाची आवड पाहून त्याला सरळ बंदी केली, तर एक चांगली जिज्ञासा कोमेजते. या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे. मोठ्यांच्या देखरेखीखाली, नियमाने आणि पायरीपायरीने ही विद्या शिकवावी. तसे केले तर हेच विमान पदार्थविज्ञानाची आणि जबाबदारीची शाळा ठरते.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. पतंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पतंग उडवणाऱ्याच्या बोटांत दोर असतो. वारा वाढला की दोर ताणतो, पतंग गोते खाऊ लागला की बोटांना ते लगेच कळते. म्हणजे हात पतंगाला हुकूम देतो आणि पतंगही हाताला जबाब देतो. रेडिओच्या विमानात हा दोरच नाही. उडवणाऱ्याच्या हातात ट्रान्समीटर नावाची पेटी असते, तिच्यावर दोन दांड्या असतात. दांडी हलवली की हुकूम जातो. पण विमानावर वाऱ्याचा किती जोर आहे ते बोटांना जाणवत नाही. सारे डोळ्यांनी पाहून ओळखावे लागते. म्हणून या विद्येत हातापेक्षा नजर आणि नजरेपेक्षा पूर्वतयारी महत्त्वाची मानली जाते.

हुकूम पोहोचतो कसा? विद्यार्थी मित्रांनो, हे नीट समजून घ्या. तुम्ही दांडी किती सरकवली ते ट्रान्समीटर मोजतो, त्याचा आकडा तयार करतो आणि रेडिओलहरींवरून पाठवतो. विमानातला रिसीव्हर तो आकडा ओळखून सर्व्हो नावाच्या लहानशा मोटरीला देतो. सर्व्होला नेहमीच्या पद्धतीत दर सेकंदाला सुमारे ५० वेळा विजेचा एक ठोका मिळतो. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर सर्व्होचा हात मध्यावर राहतो. एक मिलिसेकंद टिकला तर एका बाजूला वळतो, दोन मिलिसेकंद टिकला तर दुसऱ्या बाजूला. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. इतक्या सूक्ष्म फरकावर शेपटीची पट्टी वर होते की खाली, हे ठरते.

विमानाला मुख्यतः चार हुकूम लागतात. मोटरीचा वेग कमीजास्त करणे हा पहिला. शेपटीवरची आडवी पट्टी, म्हणजे एलिव्हेटर, हलवून नाक वरखाली करणे हा दुसरा. उभी पट्टी, म्हणजे रडर, हलवून नाक डावीउजवीकडे वळवणे हा तिसरा. पंखांच्या टोकांकडील पट्ट्या, म्हणजे एलरॉन, हलवून विमान एका कुशीवर झुकवणे हा चौथा. कोणता हुकूम कोणत्या दांडीवर ठेवायचा याच्या दोन-तीन पद्धती आहेत. शिकवणारा ज्या पद्धतीने उडवतो तीच विद्यार्थ्याने घ्यावी. एकदा बोटांना सवय लागली की ती बदलणे फार जड जाते.

या विद्येचा इतिहासही अभिमान वाटावा असा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतींपलीकडे लहरी पाठवून दूरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. १८९८ साली निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक छोटी बोट तारेशिवाय चालवून दाखवली. १९३७ साली अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी 'गफ' नावाचे आपले मॉडेल विमान रेडिओच्या साहाय्याने उडवले. ते विमान आज तिथल्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्या काळी रिसीव्हरमध्ये काचेचे दिवे असत आणि जड बॅटऱ्या लागत, म्हणून विमानही मोठे करावे लागे.

पुढे कित्येक वर्षे या खेळासाठी २७, ३५, ४० आणि ७२ मेगाहर्ट्झ असे पट्टे निरनिराळ्या देशांत वापरात होते. प्रत्येक संचाला एक ठरलेला चॅनेल असे आणि तो संचातल्या स्फटिकावर अवलंबून असे. एकाच मैदानावर दोघांनी एकच चॅनेल चालू केला, तर आकाशातले विमान कोणाचे ऐकणार? ते कोसळणारच. यासाठी क्लबांनी एक साधा उपाय काढला. मैदानावर एक फळी लावायची आणि तिच्यावर प्रत्येक चॅनेलचा एकेक चिमटा ठेवायचा, आपण कपडे वाळत घालतो तसलाच. चिमटा ज्याच्याजवळ असेल त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा, बाकीच्यांनी थांबायचे. आकाश सर्वांचे आहे, म्हणून त्यात पाळी धरावी लागते, हे या चिमट्याने हजारो मुलांना शिकवले.

आता बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. भारतात २००५ साली या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. या संचांत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची एकदा ओळख करून द्यावी लागते. त्यानंतर रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरचे ऐकतो. शिवाय अनेक संचांत दोघेही ठरलेल्या क्रमाने एका कंप्रतेवरून दुसरीवर सतत उड्या मारत असतात, त्यामुळे एखादी जागा दुसऱ्याने अडवली तरी काम थांबत नाही. उड्या मारण्याच्या या कल्पनेचे एक पेटंट १९४२ साली हेडी लमार ही अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाईल हा संगीतकार या दोघांना पाणतीराच्या नियंत्रणासाठी मिळाले होते. आपल्या व्यवसायाबाहेरच्या विषयात डोके चालवणारी माणसे काय करू शकतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तंत्र सुधारले, तरी शिस्त सुटलेली नाही. चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमान. बंद करताना आधी विमान, मग ट्रान्समीटर. हा क्रम मुलांनी पाढ्यासारखा पाठ करावा. कारण असे की, विमानाला हुकूम देणारा जागा नसताना विमान जागे असू नये. तसे झाले तर मोटर अचानक फिरण्याचा संभव असतो. ट्रान्समीटर चालू करताना मोटरीची दांडी अगदी खाली आहे ना, हेही पाहावे. घरात बसून तपासणी करायची असेल, तर विमानाचा पंखा काढूनच ठेवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतराची परीक्षा. बहुतेक चांगल्या ट्रान्समीटरमध्ये शक्ती मुद्दाम कमी करण्याची सोय असते. ती वापरून माहितीपुस्तिकेत दिलेल्या अंतरावर, बहुधा तीसेक पावलांवर, उभे राहावे आणि सर्व पट्ट्या नीट हलतात की नाही ते सोबत्याला पाहायला सांगावे. ट्रान्समीटरची अँटेना दांडीसारखी असेल, तर तिचे टोक विमानाकडे रोखू नये. ट्यूबलाईटचा उजेड जसा तिच्या अंगातून पसरतो, टोकांतून नाही, तसेच लहरींचेही आहे.

तिसरी गोष्ट फेलसेफ. हुकूम पोहोचणे बंद झालेच, तर विमानाने काय करायचे हे आधीच ठरवून ठेवण्याची ही सोय आहे. निदान मोटर बंद पडेल अशी योजना प्रत्येकाने करावी आणि जमिनीवर विमान घट्ट धरून, ट्रान्समीटर बंद करून, ती खरोखर काम करते का ते पाहावे. क्रम उलटा करण्याचा हा एकच अपवाद, आणि तोही मोठ्यांच्या समक्ष. पालकहो, हा एक धडा मला फार मोलाचा वाटतो. सारे सुरळीत असताना, बिघडले तर काय करायचे याचा विचार करून ठेवायचा. पाठ्यपुस्तकातून ही सवय सहसा लागत नाही.

आता उडवण्याविषयी. विमान आपल्यापासून दूर जात असते तेव्हा त्याचा उजवा आणि आपला उजवा एकच असतो. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की सारे उलटते. दांडी उजवीकडे ढकलली की विमान त्याच्या उजवीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे झुकते. नवशिक्यांची पुष्कळशी विमाने याच क्षणी पडतात. यावर एक युक्ती आहे. विमान समोरून येत असताना त्याचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, दांडी त्याच बाजूला ढकलावी, पंख सावरतो. ही गोष्ट संगणकावरच्या सराव-कार्यक्रमात शंभर वेळा करून पाहता येते. तिथे कितीही विमाने पडली तरी काही मोडत नाही.

पण सर्वांत चांगली सोय वेगळीच आहे, आणि पालक व शिक्षक यांनी ती आवर्जून समजून घ्यावी. दोन ट्रान्समीटर एकमेकांना तारेने, आणि आता तारेशिवायही, जोडता येतात. एक शिक्षकाच्या हातात, दुसरा विद्यार्थ्याच्या. शिक्षकाच्या पेटीवर स्प्रिंगचे एक बटण असते. नेहमीच्या रचनेत शिक्षकाने ते दाबून धरले की विमान विद्यार्थ्याचे ऐकते. विमान गडबडले की शिक्षकाने बटण फक्त सोडायचे. त्याच क्षणी ताबा त्याच्याकडे परत येतो. विद्यार्थ्याच्या हातातून काही ओढून घ्यावे लागत नाही, ओरडावे लागत नाही. विमान सावरले की पुन्हा बटण दाबायचे आणि म्हणायचे, चल, आता तू.

या बटणाचा अर्थ लक्षात घ्या. ताबा मुलाकडे राहावा यासाठी मोठ्यांना सतत बोट दाबून उभे राहावे लागते. म्हणजे स्वातंत्र्य देणे हे दुर्लक्ष करणे नव्हे. आपल्याकडे पुष्कळदा दोनच प्रकार दिसतात. काही घरांत बटण कधी दाबलेच जात नाही. मुलगा पंधरा वर्षांचा झाला तरी त्याची शाखा, त्याचे मित्र, त्याची आवड सारे वडीलच ठरवतात. काही घरांत विमान मुलाच्या स्वाधीन करून वडीलधारी माणसे मैदानातून निघून जातात. पहिल्या दहा दिवसांत शिक्षक बहुधा काही सेकंदांनी बटण सोडतो, महिन्याने काही मिनिटांनी आणि शेवटी एके दिवशी त्याची गरजच उरत नाही. मुलांना वाढवण्याचा क्रमही हाच असावा, असे मला वाटते.

धोक्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. एक किलो वजनाचे विमान सेकंदाला १५ मीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ११२ ज्यूल होते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने आला, तर ती ७२ ज्यूल होते. सूत्र तुम्हाला नववीत येते. घरी जाऊन पडताळा करा. म्हणजे हे लहानसे विमान वेगवान चेंडूच्या दीडपट ऊर्जा घेऊन उडते, आणि त्याच्या नाकावर फिरता पंखा असतो. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९ वर्षांचा एक तरुण स्वतःच उडवत असलेल्या मॉडेल हेलिकॉप्टरच्या आघाताने दगावला. म्हणून माणसांच्या डोक्यावरून विमान नेऊ नये, मग ते कितीही चांगले उडत असो.

बॅटरीचीही काळजी घ्यावी. लिथियम पॉलिमर बॅटरीच्या प्रत्येक सेलचा पूर्ण भार ४.२ व्होल्टचा असतो. त्याहून जास्त भरू नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. तिच्यासाठी बनवलेलाच चार्जर वापरावा, फरशीवर किंवा विटेवर ठेवून आणि समोर बसूनच ती भरावी. रात्री लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

कायद्याचेही भान हवे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम २०२१ जारी केले. त्यांत शिक्षण, संशोधन व करमणूक यांसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांचा वेगळा उल्लेख आहे. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग पाडले आहेत. त्या नियमांनुसार हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांची आहे. पिवळ्या आणि लाल भागांत परवानगीशिवाय उडवता येत नाही. 'डिजिटल स्काय' या सरकारी नकाशावर आपले मैदान कुठे येते ते आधी पाहावे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत विमानतळ आणि लष्करी ठाणी आहेत, पोलिसांचे मनाई हुकूमही वेळोवेळी निघतात. तेव्हा गच्चीला कोणी धावपट्टी समजू नये. शाळेने मैदानाच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे आणि शिक्षकाने हजर राहावे. आकाशात काही उडताना दिसले की लोक चौकशी करतात. त्यात वावगे काही नाही. आपले कागद आपल्यापाशी असले की आपल्या मुलावर कोणी विनाकारण संशय घेण्याची वेळ येत नाही. पालकहो, हा मुद्दा किरकोळ समजू नका. एका दुपारच्या निष्काळजीपणाची किंमत मुलाला पुढे भोगावी लागू नये.

उडण्याचे वेड आपल्याला परके नाही. नवव्या शतकात कुर्तुब्याच्या अब्बास इब्न फिरनास यांनी पंख लावून उडण्याचा प्रयत्न केल्याची हकीगत अल्-मक्करी या इतिहासकाराने सतराव्या शतकात नोंदवून ठेवली आहे. ते काही अंतर गेले, पण उतरताना त्यांना दुखापत झाली, कारण त्यांनी शेपूट लावले नव्हते, असे तो सांगतो. हकीगत कित्येक शतकांनंतर लिहिलेली आहे, म्हणून ती तपासूनच वाचावी. परंतु तिच्यातला धडा आजही खरा आहे. विमान स्थिर ठेवण्याचे आणि उतरताना नाक सांभाळण्याचे काम शेपूटच करते. १२०६ साली अल्-जझरी यांनी आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यात यंत्रे कशी बनवायची ते चित्रे देऊन लिहिले आहे, दुसऱ्यालाही ती बनवता यावीत म्हणून. त्यांच्या नावाचा नुसता अभिमान बाळगून भागणार नाही. आपल्या मुलांनीही वही ठेवावी: आज वारा कसा होता, वजनाचा तोल कुठे होता, विमान का पडले, काय बदलले.

आपले माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या शिक्षकांनी त्यांना आणि वर्गातल्या मुलांना रामेश्वरमच्या समुद्रकिनारी नेऊन पक्षी कसे उडतात ते दाखवले होते. फळ्यावरची आकृती मुलांना कळली नव्हती, म्हणून शिक्षक किनाऱ्यावर गेले. पुढे मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या फीसाठी कलामांच्या भगिनी जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. भावाच्या शिक्षणासाठी दागिना देणाऱ्या बहिणी आपल्या घरोघरी आहेत. आज माझे मागणे इतकेच आहे की, आता ट्रान्समीटर बहिणीच्याही हातात द्या. बोटांची नाजूक हालचाल, सावध नजर आणि धीर एवढेच त्याला लागते, आणि हे गुण मुलींत कमी नाहीत. २०२३ साली सरकारने महिला बचत गटांना शेतीच्या फवारणीसाठी ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. त्या यंत्राच्या दांड्याही याच प्रकारच्या आहेत.

यातून पोटापाण्याचे काही होईल का, असा प्रश्न येईलच. प्रत्येक मूल वैमानिक होणार नाही. पण राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत मॉडेल विमाने बनवायला शिकवतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे दहावी उत्तीर्ण झालेल्या आणि १८ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला मान्यताप्राप्त संस्थेत शिकून ड्रोनचालकाचे प्रमाणपत्र घेता येते. ज्याला उडवण्यापेक्षा सोल्डरिंगमध्ये गोडी वाटते त्याला इलेक्ट्रॉनिक्स आहे; ज्याला पंखाचा आकार भुलवतो त्याला अभियांत्रिकी आहे. आणि ज्याला यांपैकी काहीच करायचे नाही, तोही चालू करण्याचा क्रम, पाळी धरणे आणि नोंद ठेवणे एवढे घेऊन जाईलच.

संस्थेच्या चालकांना माझी एक सूचना आहे. प्रत्येक मुलाने वेगळे विमान घेण्याची गरज नाही. शाळेने एक साधे विमान, जोडता येणारे दोन ट्रान्समीटर आणि संगणकावरचा सराव-कार्यक्रम एवढे घ्यावे. विमानाचा सांगाडा मुलांनीच फोमच्या पत्र्यांतून कापून बनवावा. मोडला तर त्यांनीच डिंक लावून जोडावा. महिन्यातून एक सकाळ ठरवावी आणि त्या दिवशी निदान दोन पालकांनी मैदानावर यावे. त्यांना विमान उडवता आले नाही तरी चालेल. एकाने आकाशाकडे नजर ठेवावी, दुसऱ्याने माणसे आणि गुरे मैदानात येत नाहीत ना ते पाहावे. मुलांना आपल्या अब्बांचे, अम्मींचे तिथे असणे पुष्कळ आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हातात ट्रान्समीटर येईल तेव्हा ती अमानत समजा. दूरवर दिलेल्या हुकमाची जबाबदारी हुकूम देणाऱ्यावरच असते. आणि पालकहो, बटण दाबायला घाबरू नका, सोडायला लाजू नका आणि मैदान सोडून जाऊ नका.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म आणि हुनर दोन्ही देवो, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.